भीमाकाठची अक्षरओळख

पुणे-नगर रस्त्यावरील कोरेगाव भीमाजवळ वसलेले वढू बुद्रुक हे शिरूर तालुक्यातील गाव छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे सर्वपरिचित आहे. ज्या राजाची १६८९ मध्ये या परिसरात अखेर झाली, त्याच्या नावावर ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ आहे. त्याच मुलखातल्या कुणब्याच्या पोराला मात्र पुढची दीडशे वर्षे अक्षर भेटले, ते भेटलेच तर, धुळीत भेटले.

पेशवाईच्या अखेरीस पुणे प्रांतातील गावशाळा म्हणजे देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या सधन गृहस्थाच्या पडवीत भरणारी पंतोजींची शाळा होय, आणि इमारत, छापील पुस्तक व इयत्ता या तिन्ही गोष्टी तिला ठाऊक नव्हत्या. मुलाची सुरुवात धूळपाटीवर होई : लाकडी फळीवर बारीक धूळ किंवा विटेची पूड पसरायची, बोटाने वा काडीने अक्षर उमटवायचे, पंतोजींची नजर फिरली की फळी हलवून ते मोडायचे आणि पुन्हा काढायचे. पहिले वळण ‘ओनामासीधं’चे असे, ‘ॐ नमः सिद्धम्’ या मंगलवचनाचे हे मुलांच्या तोंडी रुळलेले रूप असून, कामाचा ओनामा करणे हा वाक्प्रचार त्यातूनच निघाला. हात बसला की बोरूची लेखणी येई, आणि बाराखडी व जोडाक्षरे संपवून मुलगा मोडीकडे, म्हणजे लेखणी फारशी न उचलता झरझर लिहिण्याच्या व्यवहारलिपीकडे वळे. बाळबोध, म्हणजे देवनागरी, पोथी वाचण्यापुरती पुरेशी मानली जाई.

हिशेबाची बाजू लिपीपेक्षा भक्कम होती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे पावापासून साडेतीनापर्यंतच्या अपूर्णांकांचे पाढे, मुखोद्गत करून घेतले जात, कारण ज्या बाजारात रुपया सोळा आण्यांचा आणि पायली चार शेरांची, तिथे देणेघेणे याच अपूर्णांकांत चाले. या शिक्षणाचा निम्मा भाग घरी पुरा होई. दिवेलागणीला ओसरीवर मुले परवचा म्हणत, म्हणजे दिवसाचे पाठांतर मोठ्याने उजळीत, आणि ज्यांना स्वतःला सही येत नसे असे वडीलधारेही वर्षानुवर्षे कानावर पडलेल्या पाढ्यातली चूक लयीवरून ओळखत. पंतोजींचा निर्वाह थोडा पैसा, धान्य, शिधा आणि सणावारी मिळणारी दक्षिणा यांवर चाले. दसऱ्याला पाटीवर एकच्या आकड्यांतून सरस्वती रेखून तिची पूजा करण्याची चाल त्या जगाची खूण म्हणून आजही पुष्कळ घरांत टिकून आहे.

या व्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्यांनी तिचा उंबरठाही पाहावा. ओवरीत मुलींना जागा जवळपास नव्हती आणि महार-मांगांच्या मुलांना तर नव्हतीच. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली व पुढे अस्पृश्य मुलांसाठीही वर्ग चालवले, तेव्हा समाजाचा रोष ओढवला तो याच उंबरठ्यापायी. मुंबईत तयार केलेले सरकारी शिक्षक १८२६ पासून जिल्ह्यांत जाऊ लागले होते, १८५५ मध्ये स्वतंत्र शिक्षणखाते आले, आणि १८६० नंतरच्या दशकात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकलफंड, म्हणजे स्थानिक कामांसाठीचा उपकर, बसवून त्याचा एक तृतीयांश वाटा शाळांकडे वळवण्यात आला. परंतु कर भरणारा कुणबी आणि शाळेत बसणारा मुलगा एकाच घरचे क्वचितच असत, ही विसंगती फुल्यांनी १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगापुढील निवेदनात नेमकी पकडली. बारा वर्षांपर्यंत सक्तीचे शिक्षण, मोडी व बाळबोध दोन्ही लिप्या, शेतीचे ज्ञान, आणि नांगर धरता येईल असा शेतकरी समाजातला शिक्षक ही त्यांची मागणी. यातल्या शेवटच्या मुद्द्याचे मोल खात्याला फार उशिरा कळले.

पुढची वाट थोडक्यात सांगता येते. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन होऊन प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. प्रौढांना साक्षर करण्यासाठी १९५९ मध्ये साताऱ्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम राज्यभर पसरली. सहा वर्षांखालील मुलांचा विचार मात्र तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ताराबाई मोडकांनी १९४५ पासून केला, आणि आदिवासी मुले बालवाडीत येईनात तेव्हा ती त्यांच्याच अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातून आला, आणि १९७५ च्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने तो देशभर नेला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक व निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरवून घराला शाळेच्या कारभारात बसवले. वढूच्याच तालुक्यातील वाबळेवाडीची शाळा ग्रामस्थांच्या सहभागामुळे राज्यभर चर्चेत आली.

दरम्यान सणसवाडी व रांजणगावच्या कारखान्यांमुळे परप्रांतीय कामगारांची कुटुंबे या पट्ट्यात स्थिरावली आहेत, आणि संध्याकाळी त्यांच्या खोल्यांत मुले पाढे म्हणतात तेव्हा चूक लयीवरून ओळखणारा कान मराठी पाढ्यांवर वाढलेला नसतो.