दीड मीटर आणि एक पडदा : टोरंटो, मार्च २००३

ओंटारियो प्रांताने २६ मार्च २००३ रोजी सार्स या श्वसनरोगाच्या साथीमुळे आणीबाणी जाहीर केली. तो दिवस शून्य धरून खालचे तास उलटे मोजले आहेत. तारखांवरून काढलेले असल्याने ते अंदाजे आहेत. ओकव्हिलहून गो ट्रेनने टोरंटो तासाभराच्या आत येते. त्या महिन्यात ओकव्हिलची माणसे रोज याच शहरात कामाला जात-येत होती आणि पहिले दोन आठवडे कुणालाच काही ठाऊक नव्हते.

७९० तास आधी, २१ फेब्रुवारी
चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातले एक आजारी डॉक्टर हाँगकाँगच्या मेट्रोपोल हॉटेलात नवव्या मजल्यावर उतरले. टोरंटोचे एक वयस्क दांपत्यही त्याच हॉटेलात होते.

७४५ तास आधी, २३ फेब्रुवारी
दांपत्य टोरंटोला परतले. दोन दिवसांत बाईंना ताप आला आणि ५ मार्चला घरीच त्यांचे निधन झाले. हृदयविकार असावा, असे धरले गेले. तोवर कुणाला संशय आला नव्हता.

४५६ तास आधी, ७ मार्च, शुक्रवार
त्यांचा मुलगा ताप, खोकला आणि धाप घेऊन स्कारबरो ग्रेस रुग्णालयाच्या इमर्जन्सीत आला. दाखल करायला खाट रिकामी नव्हती, म्हणून त्याला निरीक्षण कक्षात ठेवले.

४३२ तास आधी, ८ मार्च
अठरा तासांच्या आसपास तो तिथेच होता. श्वास मोकळा व्हावा म्हणून नेब्युलायझरने साल्ब्युटामॉल दिले गेले. दम्याच्या कुठल्याही रुग्णाला देतात तसेच हे औषध, पण त्याच्या वाफेबरोबर रुग्णाच्या श्वासातले कणही खोलीभर पसरू शकतात. शेजारची खाट दीड मीटरवर होती, मध्ये कापडी पडदा. आणखी एक रुग्ण पाचेक मीटरवर. दोघेही वयस्क, दोघेही भलत्याच तक्रारींसाठी आलेले. दोघांनाही संसर्ग झाला.

त्या रात्री ज्यांनी सेवा केली त्यांना मी दोष देणार नाही. हाती असलेल्या माहितीवर त्यांनी योग्य तेच केले. दोष खाटांच्या त्या टंचाईचा आहे, जिच्यामुळे धाप लागलेला माणूस रात्रभर इतरांच्या मध्ये पडून राहतो.

बरोबर १९ वर्षांपूर्वी, ८ मार्च १९८४ रोजी, याच शहरातले संशोधक टाक माक यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये मानवी टी-पेशीच्या रिसेप्टरचे जनुक प्रसिद्ध केले होते. त्याच अंकात मार्क डेव्हिस यांच्या गटाने उंदराचे जनुक मांडले. विषाणू घुसलेली पेशी टी-पेशी नेमकी कशाने ओळखते, याचे उत्तर टोरंटोच्या ओंटारियो कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये सापडले होते. आणि त्या उत्तरातच त्या निरीक्षण कक्षातल्या माणसांची अडचण दडलेली होती.

टी-पेशी घडताना जनुकांचे तुकडे कापून नव्या क्रमाने जोडले जातात. सांध्यांवर डीएनएची काही अक्षरे यदृच्छेने वाढतात, काही गळतात. म्हणून प्रत्येक पेशीचा रिसेप्टर वेगळा होतो. शक्य असलेल्या जोडण्या एकावर पंधरा शून्यांच्याही पलीकडे जातात. प्रत्यक्षात एका माणसाकडे त्यांतले काही कोटी प्रकार असतात. थायमस या ग्रंथीत घडणाऱ्या पेशींपैकी ९५ टक्क्यांहून अधिक तिथेच मरून जातात. कधीच न पाहिलेल्या विषाणूसाठीही योग्य किल्ली बहुधा आधीपासून जुडग्यात असते. पण ती लाखात, कधी दहा लाखांत एखाद्याच पेशीपाशी. ती सापडायला आणि तिच्या पुरेशा प्रती व्हायला वेळ लागतो.

विषाणूला तेवढा वेळ लागत नाही. घुसल्यापासून दहा-बारा तासांत एका पेशीतून नवे विषाणू बाहेर पडू लागतात. शिवाय सार्सचा विषाणू धोक्याची सूचना देणाऱ्या इंटरफेरॉनची पहिली हाक दाबून ठेवतो.

४०८ तास आधी, ९ मार्च
मुलगा आता आयसीयूत होता, क्षयाच्या संशयावरून वेगळा ठेवलेला. निदान चुकीचे, पण विलगीकरण उपयोगाचे. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला संसर्ग होऊन एक दिवस झाला होता. एवढ्या अवधीत विषाणूचे तुकडे घेतलेल्या पेशी लसिका ग्रंथींत पोचत असतात. योग्य टी-पेशी भेटली तरी तिचे पहिले विभाजन व्हायला दिवसाहून जास्त लागतो. पुढे वेग वाढतो, दिवसाला दोन-तीन विभाजने. चौदा विभाजनांत एकीच्या सोळा हजारांहून अधिक पेशी होतात. हिशेब केला तर आठवडा जातोच.

३८४ तास आधी, १० मार्च
शेजारच्या रुग्णाला ताप आला. उतारवयात हा आठवडा आणखी लांबतो. थायमस वयाबरोबर आक्रसत जातो, कोऱ्या, म्हणजे अजून कुठल्याही विषाणूला न भेटलेल्या, पेशींचा साठा घटतो, रिसेप्टरांची विविधता कमी होते. जुन्या संसर्गांशी लढलेल्या थोड्या कुळांनीच जागा व्यापलेली असते. सार्समध्ये ६५ वर्षांवरील निम्म्याहून अधिक रुग्ण दगावले, हा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज. त्यामागे वयाची इतर दुखणी होतीच, पण मला हे कारण त्यांच्याइतकेच मोठे वाटते.

३३६ ते ३१२ तास आधी, १२ आणि १३ मार्च
जागतिक आरोग्य संघटनेने १२ तारखेला जगाला इशारा दिला. १३ला मुलगा गेला. धागा हाँगकाँगपर्यंत जुळला तो आता.

२४० तास आधी, १६ मार्च
शेजारचा रुग्ण पुन्हा इमर्जन्सीत आला. पत्नी सोबत होती, तिलाही लागण झाली होती. पाच मीटरवरचा दुसरा रुग्ण याच दिवशी डायलिसिससाठी यॉर्क सेंट्रल रुग्णालयात हलवला गेला, आणि साखळी तिथेही गेली. सार्समध्ये शरीरातला विषाणू आजाराच्या दहाव्या दिवसाच्या सुमारास सर्वाधिक असतो. म्हणजे माणूस खाटेला खिळलेला असतो, डॉक्टर-नर्स त्याच्यावर वाकलेले असतात, तेव्हा. म्हणूनच हा आजार रस्त्यांपेक्षा रुग्णालयांत पसरला.

७२ तास आधी, २३ मार्च
स्कारबरो ग्रेसची इमर्जन्सी आणि आयसीयू बंद झाली. दोन दिवसांनी नवे रुग्ण घेणेही थांबले.

शून्य, २६ मार्च
आणीबाणी. टोरंटो परिसरातल्या रुग्णालयांना ‘कोड ऑरेंज’, भेटी बंद, टाळता येणाऱ्या शस्त्रक्रिया रद्द. काही दिवसांत हे निर्बंध साऱ्या प्रांताला लागू झाले.

स्कारबरो ग्रेसमधल्या उद्रेकाशी १२८ रुग्ण जोडले गेले, त्यांतले एक तृतीयांशाहून अधिक रुग्णालयाचे कर्मचारी. कॅनडात एकूण ४३८ रुग्ण, ४४ मृत्यू. मृतांत दोन परिचारिका आणि एक डॉक्टर.

जे वाचले त्यांच्यासारख्यांच्या रक्तात पुढे काय राहिले? चीनमधल्या अभ्यासात सहा वर्षांनी बहुतेकांच्या रक्तात सार्सविरोधी प्रतिपिंडे उरली नव्हती, बी-स्मृतिपेशीही सापडल्या नाहीत. टी-पेशींची स्मृती मात्र निम्म्याहून अधिकांत टिकून होती. सिंगापूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये सार्समधून वाचलेल्या २३ जणांचे रक्त तपासले. सतरा वर्षांनंतरही त्या पेशी होत्या, आणि कोविडच्या विषाणूचे एन प्रथिनही त्यांनी ओळखले. पण सार्समधून बरे झालेले ज्ञात रुग्ण जगभरात सात हजारांच्या वर थोडेच. कोविड आला तेव्हा बाकी बऱ्याच जणांची सुरुवात पुन्हा कोऱ्या पेशींपासून झाली.

१४ डिसेंबर २०२० रोजी ओंटारियोतली पहिली कोविड लस टोरंटोच्या युनिव्हर्सिटी हेल्थ नेटवर्कमध्ये टोचली गेली. टाक माक यांचे ओंटारियो कॅन्सर इन्स्टिट्यूट ज्या प्रिन्सेस मार्गारेट रुग्णालयाशी जोडलेले होते, ते आज याच संस्थेत आहे. लस घेणारी होती वृद्धाश्रमात काम करणारी सेविका. विषाणू येण्याआधीच योग्य पेशी शोधायला आणि वाढवायला लागणारे दिवस तिला मिळाले.