काच कोणाची, चित्र कोणाचे? भारतातील छायाचित्राच्या मालकीहक्काचा इतिहास

एक साधी कल्पना करा. वाराणसीच्या रामघाटावर पहाटे चार छायाचित्रकार एकाच पायरीवर उभे आहेत. हा घाट मेहता घाट आणि जटार घाट यांच्या मध्ये येतो. मराठी वस्तीचा जुना शेजार त्याला लाभला आहे, आणि सांगवेद विद्यालयामुळे वेदाध्ययन करणाऱ्या मराठी घराण्यांत त्याचे नाव परिचयाचे आहे. चौघांनी एकाच क्षणी, एकाच उजेडात, नदीत अर्घ्य देणाऱ्या माणसांचे छायाचित्र घेतले. पहिला स्वतःच्या हौसेने आला होता. दुसऱ्याला पुण्याच्या एका प्रकाशकाने दिनदर्शिकेसाठी पैसे देऊन पाठवले होते. तिसरा एका कंपनीत पगारावर होता. चौथा वर्तमानपत्राचा नोकर होता. चारही चित्रे जवळजवळ सारखीच आली. पण भारतीय कायद्याच्या दृष्टीने या चार चित्रांचे मालक एकाच प्रकारचे नाहीत.

असे का? याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात एका कलमात मिळते, पण ते कलम तसे का लिहिले गेले हे इतिहासात शोधावे लागते. प्रस्तुत टिपणात आपण तेच पाहणार आहोत. शेवटी या चौघांकडे परत येऊ.

१. कायद्याच्या आधीची मालकी: काचेची निगेटिव्ह

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी आणि व्यावसायिक छायाचित्रकार हरिश्चंद्र चिंतामण ही त्या काळातील महत्त्वाची नावे. त्या वेळी हिंदुस्थानात १८४७ चा कॉपीराइट कायदा होता, पण तो पुस्तकांसाठी होता. छायाचित्राचा त्यात विचारच नव्हता.

इंग्लंडमध्ये १८६२ च्या ललितकला कायद्याने छायाचित्राला प्रथमच संरक्षण दिले. परंतु त्यातच एक अट होती. छायाचित्र कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढले असेल, तर हक्क छायाचित्रकाराकडे राहण्यासाठी तसा लेखी करार हवा. तो नसेल तर हक्क काम सांगणाऱ्याचा. हा कायदा वसाहतींना लागू होतो का, हा प्रश्न पुढे कॅनडातील एका खटल्यात उपस्थित झाला. १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने उत्तर दिले की कायद्याचे संरक्षण कॅनडापर्यंत पोहोचत नाही.

मग एकोणिसाव्या शतकातील आपल्याकडचा छायाचित्रकार स्वतःच्या कामाचे रक्षण कसे करत असे? उत्तर अगदी व्यवहारी आहे: काच स्वतःजवळ ठेवून. गिऱ्हाइकाला कागदावरचा छाप मिळे आणि निगेटिव्ह स्टुडिओच्या कपाटात क्रमांक घालून ठेवली जाई. छापाच्या पुठ्ठ्यामागे निगेटिव्ह जपून ठेवली असल्याची सूचना छापलेली असे. पुन्हा प्रत हवी असेल तर त्याच दुकानात यावे लागे. सॅम्युएल बोर्न १८६३ मध्ये हिंदुस्थानात आला आणि १८७० मध्ये परतला. त्याने काढलेली बनारसच्या घाटांची आणि इतर स्थळांची दृश्ये ‘बोर्न अँड शेफर्ड’ ही पेढी सूचीतील क्रमांकांनुसार पुढे कित्येक वर्षे विकत राहिली.

इंदूरच्या होळकर दरबाराच्या आश्रयाने पुढे आलेले आणि नंतर हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झालेले राजा दीनदयाळ यांचे उदाहरण याहून बोलके आहे. राजेरजवाड्यांना, साहेबांना अल्बम मिळाले. काचा मात्र स्टुडिओतच राहिल्या. म्हणूनच १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राला त्यांच्या २८०० हून अधिक काचेच्या निगेटिव्ह एकत्र मिळू शकल्या. कागदावरचे हक्क धूसर असतानाही वस्तू हातात असल्यामुळे केवढा ठेवा टिकला, हे लक्षात घ्या. याची दुसरी बाजूही आहे. वस्तूवर उभा असलेला हक्क वस्तूबरोबर जळतो. १९९१ मध्ये कोलकात्यातील बोर्न अँड शेफर्डच्या इमारतीला आग लागली आणि त्या पेढीच्या जुन्या संग्रहाचा मोठा भाग नष्ट झाला.

२. नियम कोणासाठी जन्मला?

‘पैसे देणारा तोच मालक’ हा नियम छायाचित्रकारावर अन्याय करण्यासाठी केला गेला, असे समजू नका. त्यामागे खरी भीती होती. एखाद्या कुटुंबातील स्त्री स्टुडिओत जाऊन पैसे देऊन आपले छायाचित्र काढून घेते. निगेटिव्ह दुकानदाराकडे राहते. त्याने तिचे चित्र काचेच्या खिडकीत टांगले, किंवा विकले, तर?

इंग्लंडमध्ये हे प्रत्यक्ष घडले. १८८८ च्या पोलार्ड खटल्यात एका छायाचित्रकाराने ग्राहक स्त्रीचे चित्र नाताळच्या शुभेच्छापत्रावर छापून विक्रीला ठेवले होते. न्यायालयाने त्याला मनाई केली. म्हणजे नियमाच्या मुळाशी कुटुंबाची, चेहऱ्याची, खासगीपणाची काळजी होती. पुढे मात्र हाच नियम घाटाच्या, किल्ल्याच्या, कारखान्याच्या छायाचित्रालाही सरसकट लागू झाला. तिथे ना कोणाचे घर, ना कोणाची अब्रू. या टिपणातील मुख्य प्रश्न इथेच आहे.

१९११ च्या ब्रिटिश कायद्याने दोन गोष्टी केल्या. मूळ निगेटिव्ह ज्याच्या मालकीची तो छायाचित्राचा कर्ता मानला जाईल, असे ठरवले. म्हणजे कपाटातील काचेला कायद्याने मान्यता दिली. त्याच वेळी मोबदला देऊन काम सांगणारा हा पहिला मालक, हा नियमही कायम ठेवला. १९१४ च्या कायद्याने ही व्यवस्था काही फेरफारांसह हिंदुस्थानात आली.

३. मराठी निर्मात्यांचे दोन धडे

सगळे हक्क एकदम देऊन टाकणे आणि ठरावीक वापरापुरती परवानगी देणे यांत काय फरक पडतो, हे आपल्याच परिसरात दिसते.

राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत घाटकोपरला सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला गेला. त्याबरोबर अनेक चित्रांच्या छपाईचे हक्कही गेले. नंतर घरोघरी टांगल्या गेलेल्या असंख्य लक्ष्मी-सरस्वती या व्यवहारानंतरच्या आहेत. चित्रावर नाव रविवर्म्यांचे राहिले, पण छापण्याचा निर्णय त्यांच्या हातून गेला होता.

त्याच छापखान्यासाठी काम केलेले दादासाहेब फाळके हे मुळात छायाचित्रकार. गोध्र्याला त्यांचा स्टुडिओ होता, आणि पुरातत्त्व खात्यात त्यांनी आरेखक व छायाचित्रकार म्हणून नोकरी केली. १९१८ मध्ये त्यांनी भांडवलदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी काढली. मतभेद झाले, ते कंपनी सोडून सहकुटुंब काशीला गेले आणि तिथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. ‘कालियामर्दन’सारखे चित्रपट कंपनीच्या नावाने निघाले होते. निर्माता काशीत होता, कंपनी मात्र चालूच होती. १९२२ च्या सुमारास ते त्याच कंपनीत परत आले. भागीदारीत किंवा नोकरीत केलेले काम संस्थेचे होते, हा व्यवहाराचा नियम फाळक्यांसारख्या माणसालाही चुकला नाही.

४. परवान्याची कल्पना कशी रुजली

१९४७ मध्ये आँरी कार्तिये-ब्रेसाँ, रॉबर्ट कापा, डेव्हिड सेमूर आणि जॉर्ज रॉजर यांनी ‘मॅग्नम’ ही छायाचित्रकारांची सहकारी संस्था स्थापन केली. तिचा पाया एका वाक्यात सांगता येतो: निगेटिव्ह आणि कॉपीराइट छायाचित्रकाराचा, मासिकाला मिळते ती छापण्याची परवानगी. ३० जानेवारी १९४८ रोजी कार्तिये-ब्रेसाँ दिल्लीत गांधीजींना भेटला. त्यानंतर काही तासांतच गांधीजींची हत्या झाली. त्या दिवसांतील त्याची छायाचित्रे एका मासिकात छापून संपली नाहीत. ती पुढे पुस्तकांत आणि प्रदर्शनांत पुन्हा पुन्हा आली. हे शक्य झाले, कारण मासिकाने चित्राचा एक वापर विकत घेतला होता, चित्र नव्हे.

घरभाड्याची उपमा इथे उपयोगी पडते. घर विकले की भाडे थांबते. भाड्याने दिले तर किती महिने, किती खोल्या, पोटभाडेकरू ठेवता येईल की नाही, हे लिहून घ्यावे लागते. छायाचित्राचा परवानाही तसाच असतो.

५. आजचा कायदा

स्वतंत्र भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. तो २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. या कायद्याने छायाचित्राचा कर्ता म्हणून निगेटिव्हच्या मालकाऐवजी छायाचित्र घेणारी व्यक्ती मान्य केली. ही मोठी सुधारणा होती. पण कलम १७ मध्ये जुना नियम राहिलाच: कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन छायाचित्र काढले असेल आणि विरुद्ध करार नसेल, तर पहिला मालक काम सांगणारा. ब्रिटनने १९८८ च्या कायद्यात हा नियम काढून टाकला. खासगी व घरगुती कारणासाठी काढून घेतलेल्या छायाचित्रांपुरता मात्र ग्राहकाला खासगीपणाचा स्वतंत्र हक्क दिला. म्हणजे पोलार्ड खटल्यातील काळजी जपली आणि घाटाचे चित्र मोकळे केले. भारतात ही फोड अजून झालेली नाही.

आता आपल्या चौघांकडे परत या.

पहिला स्वतःहून गेला होता. कॉपीराइट त्याचाच, आणि चित्र घेताक्षणीच त्याचा. नोंदणी सक्तीची नाही. नंतर प्रकाशक आला तर तो परवाना देऊ शकतो.

दुसऱ्याला प्रकाशकाने पैसे देऊन पाठवले होते. काही ठरले नसेल तर पहिला मालक प्रकाशक. दिनदर्शिकेनंतर तेच चित्र अगरबत्तीच्या पुड्यावर किंवा हॉटेलच्या फलकावर आले, तरी छायाचित्रकाराला जादा पैसे मागता येणार नाहीत. इतकेच नव्हे, स्वतःच्या पुस्तकात ते चित्र घेण्यासाठी त्यालाच परवानगी मागावी लागेल.

तिसरा पगारी नोकर आहे. नोकरीचा भाग म्हणून काढलेले चित्र, विरुद्ध करार नसल्यास, मालकाचे.

चौथ्याची स्थिती अनेकांना ठाऊक नसते. वर्तमानपत्रासाठी नोकरीत काढलेल्या चित्राचा हक्क मालकाला मिळतो तो वृत्तपत्र-नियतकालिकातील प्रकाशनापुरता. विरुद्ध करार नसेल तर बाकीचे हक्क छायाचित्रकाराचे राहतात.

म्हणजे ज्याला आपण ‘स्वतंत्र व्यावसायिक’ म्हणतो तो दुसरा छायाचित्रकार, करार न केल्यास, नोकरीतल्या चौथ्यापेक्षा दुबळा ठरतो. त्याचे संरक्षण एका कागदात आहे, आणि तो कागद काम सुरू होण्यापूर्वीचा हवा.

६. कागदावर काय असावे

पहिले वाक्य मालकीचे: ‘या कामातील सर्व छायाचित्रांचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडेच राहील.’ कलम १७ मधील ‘विरुद्ध करार’ तो हाच. त्यानंतर परवानगी: कोणती छायाचित्रे, कोणत्या वापरासाठी, किती काळ, कोणत्या प्रदेशात, किती मोबदल्यात, आणि ग्राहकाला ती दुसऱ्याला देता येतील की नाही. उदाहरणार्थ, ‘रामघाटाची बारा छायाचित्रे, एका वर्षाच्या छापील दिनदर्शिकेसाठी, फक्त भारतात.’ परवाना लेखी हवा. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो; प्रदेश लिहिला नसेल तर भारत.

दोन गोष्टी वेगळ्या लक्षात ठेवा. कलम ५७ नुसार कर्ता म्हणून नाव सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या मोडतोडीला हरकत घेण्याचा हक्क कॉपीराइट विकल्यानंतरही कर्त्याकडे राहतो. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा कॉपीराइट छायाचित्रकाराच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. पूर्वी तो प्रकाशनापासून मोजला जाई. आज एका सहीने दिलेला हक्क हा नातवंडांच्या काळापर्यंतचा हक्क असू शकतो.

ग्राहकाच्या बाजूनेही पाहा. प्रकाशकाला दिनदर्शिका छापायची आहे, त्याला ६० वर्षांचे हक्क नको असतात. मर्यादित वापराचे पैसे कमी पडतात, म्हणून नीट लिहिलेला परवाना त्यालाही परवडतो. मात्र घाटावर अर्घ्य देणाऱ्या माणसाचा चेहरा या दोघांच्या करारात कुठेच नसतो. कॉपीराइट छायाचित्रकाराजवळ राहिला तर पोलार्ड खटल्यातील जबाबदारीही त्याच्याकडेच येते. जाहिरातीसाठी तो चेहरा वापरण्यापूर्वी त्या माणसाची संमती घेणे हा त्या हक्काचाच दुसरा भाग समजा.

काचेची निगेटिव्ह होती तेव्हा ती कपाटात ठेवून हक्क राखता येत होता. आजच्या फाइलची प्रत क्षणात होते आणि मूळ व प्रत यांत फरक उरत नाही. म्हणून कपाटाचे काम आता कराराला करावे लागते.

विचारासाठी प्रश्न

१. लग्नाची छायाचित्रे आणि घाटाची छायाचित्रे यांना मालकीचा एकच नियम असावा का? पोलार्ड खटल्याच्या आधारे मत मांडा.

२. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या स्टुडिओत निगेटिव्ह शिल्लक आहेत का, याची चौकशी करा. त्यांतील एखादे छायाचित्र पुस्तकात छापायचे असेल, तर परवानगी कोणाकडे मागावी लागेल? स्टुडिओकडे, की ज्यांनी पैसे देऊन ते काढून घेतले त्यांच्या वारसांकडे? उत्तर देताना छायाचित्र कोणत्या कायद्याच्या काळातील आहे, हे आधी ठरवा.