उस्मान हमदी बे: खऱ्या भिंती, रचलेली गोष्ट

जुनं चित्र इतिहासाचा पुरावा म्हणून वापरता येतं का, आणि येत असेल तर कुठपर्यंत, हा आजचा आपला प्रश्न आहे. त्यासाठी मी एकच चित्रकार घेतला आहे: इस्तंबूलचा उस्मान हमदी बे. जन्म १८४२, मृत्यू १९१०.

त्याचं सगळ्यात गाजलेलं चित्र १९०६ सालचं. आज ते इस्तंबूलच्या पेरा संग्रहालयात आहे. निळसर हिरव्या टाइल्सच्या भिंतीसमोर लांब तांबडा झगा घातलेला एक वयस्कर माणूस किंचित वाकून उभा आहे. पाठीमागे बांधलेल्या हातांत ‘ने’ नावाची लांब बासरी. पायाशी पाच कासवं पाला खाताहेत. जमिनीलगतच्या खिडकीतून उजेड येतो आहे. भिंतीवरच्या काही टाइल्स निखळल्या आहेत आणि आतला गिलावा दिसतो आहे.

तुर्कस्तानात या चित्राचा अर्थ बहुतेकांना पाठ असतो. म्हातारा म्हणजे सुधारक, कासवं म्हणजे हलायला तयार नसलेला समाज. बासरी वाजवून कासवाला काय शिकवणार? अर्थ आकर्षक आहे, पटकन पटतोही. पण जरा थांबू या. आधी चित्रकार कोण होता ते बघू.

त्याचे वडील इब्राहिम एधेम पाशा हे किऑस बेटावरचे ग्रीक. लहानपणी गुलाम म्हणून विकले गेले, एका पाशाच्या घरी वाढले, पॅरिसला खाणशास्त्र शिकले आणि १८७७ मध्ये उस्मानी साम्राज्याचे वजीर-ए-आझम, म्हणजे पंतप्रधान झाले. मुलगा १८६० मध्ये कायदा शिकायला पॅरिसला गेला आणि रमला चित्रकलेत. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याची चित्रं लागलीसुद्धा. परत आल्यावर मात्र त्याने सरकारी नोकरी धरली आणि ती शेवटपर्यंत केली. चित्रं काढायची ती नोकरी सांभाळून.

१८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनासाठी उस्मानी सरकारने दोन मोठे ग्रंथ काढले. एक साम्राज्यातल्या पोशाखांवर. त्यात स्वतः हमदी सहलेखक होता. दुसरा उस्मानी वास्तुकलेवर. तो वडिलांच्या देखरेखीखाली तयार झाला. म्हणजे कपडे आणि इमारती यांची काटेकोर नोंद करण्याचं काम या घरातच चालू होतं. पुढे त्याच्या चित्रांत हेच दोन्ही दिसतं. झग्याची घडी, टाइलवरची नक्षी, दाराचं कोरीव काम, सगळं ओळखता येईल इतकं नेमकं. कासवांच्या चित्रातली भिंतही कल्पनेतली नाही. ती बुर्सा शहरातल्या हिरव्या मशिदीची आहे. पंधराव्या शतकातली ही इमारत १८५५ च्या भूकंपात बरीच मोडली होती. तिची दुरुस्ती पुढच्या दशकात झाली.

भिंत खरी. मग तो माणूस? तो स्वतः हमदीच आहे! जुने पोशाख चढवून तो स्वतःचे फोटो काढून घ्यायचा आणि त्यावरून चित्रातल्या आकृती बेतायचा. १९०१ च्या ‘मेहराब’ या चित्रात तर पिवळ्या पोशाखातली एक स्त्री कुराण ठेवायच्या रेहालीवर बसली आहे, पाठीमागे मशिदीचा मेहराब, पायाशी विखुरलेले ग्रंथ. असं दृश्य कुठल्या मशिदीत कुणी पाहिलं असेल, हे शक्यच नाही. वस्तू अस्सल, प्रसंग रचलेला.

आणि कासवांची गोष्ट? तुर्की इतिहासकार एधेम एल्देम यांनी तिचा माग काढला. १८६९ मध्ये एका फ्रेंच प्रवासविषयक नियतकालिकात जपानवरचा लेख आला होता. त्यात ढोलकं वाजवून कासवांचे खेळ करणाऱ्याचं चित्र होतं. हमदी तेव्हा बगदादला होता आणि त्याने वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्या नियतकालिकाचा उल्लेख आहे. म्हणजे मूळ बीज जपानचं, भिंत बुर्साची, चेहरा स्वतःचा. १९०६ मध्ये पॅरिसला हे चित्र मांडलं तेव्हा त्याचं नाव नुसतं ‘कासवांचा माणूस’ होतं. त्यात शिकवण्याबिकवण्याचा उल्लेखच नाही. सुधारकाचा अर्थ त्याच्या मनात नव्हताच, असं मी म्हणणार नाही. पण तो अर्थ चित्रावर लिहिलेला नाही, आपण तो वाचतो, एवढं नक्की.

आता याच्या शेजारी दुसरं चित्र ठेवू. फ्रेंच चित्रकार जेरोमचा ‘गारुडी’, साधारण १८७९ चा. तिथेही निळ्या टाइल्सची भिंत आहे, टोपकापी राजवाड्यावरून घेतलेली, आणि तिथेही टाइल्स फुटलेल्या आहेत. भिंतीला टेकून बसलेले लोक एका नागड्या मुलाच्या अंगावरचा साप बघताहेत. कलेतिहासकार लिंडा नॉक्लिन यांनी १९८३ मध्ये दाखवलं की ही फुटकी भिंत निष्पाप नाही. या लोकांना आपला वारसाही सांभाळता येत नाही, असं ती न बोलता सुचवते. तपशील इतका बारीक आहे की ते मत आपल्याला वस्तुस्थिती वाटू लागतं.

हमदीच्या भिंतीवरच्या टाइल्सही निखळलेल्याच आहेत. मग फरक काय? फरक चित्रकाराच्या दुसऱ्या कामात आहे. १८८१ पासून तो शाही संग्रहालयाचा संचालक होता. १८७४ च्या कायद्यानुसार उत्खननात सापडलेल्या वस्तूंचा तिसरा हिस्सा खणणाऱ्याला मिळे. १८८४ च्या नव्या कायद्याने ते बंद झालं: जे सापडेल ते राज्याचं, परदेशी नेता येणार नाही. हा कायदा घडवण्यात हमदीचा हात मोठा. १८८७ मध्ये त्याने सायदा, म्हणजे प्राचीन सिडोन, इथे स्वतः उत्खनन केलं. अलेक्झांडरच्या नावाने ओळखली जाणारी प्रसिद्ध शवपेटी तिथलीच. ती इस्तंबूलला आली आणि अशा वस्तूंसाठी बांधलेली नवी इमारत १८९१ मध्ये उघडली.

म्हणजे बघा, जेरोमच्या दृष्टीने फुटकी टाइल हा देखावा होता. हमदीच्या दृष्टीने ते रोजचं काम होतं. निखळलेली टाइल कुठे जाते, कोण विकतं, कोण विकत घेतं, हे त्याला दप्तरातून ठाऊक होतं.

तेव्हा आपल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. हमदीचं चित्र टाइल्सबद्दल, कपड्यांबद्दल चांगली साक्ष देतं. त्या खोलीत काय घडत होतं याबद्दल ते साक्ष देत नाही, कारण तिथे काहीच घडत नव्हतं. वास्तववादी चित्र बघताना एवढ्या दोन याद्या वेगळ्या करा: काय बघून काढलंय आणि काय जुळवून आणलंय. पहिली यादी खरी निघाली म्हणून दुसरीवर आपोआप विश्वास ठेवू नका. जेरोमच्या बाबतीत तीच गफलत जगाने बराच काळ केली.