डोंगल, ड्रायव्हर आणि परवानगीचं पत्र

आजचा विषय ऐकून काही जण म्हणाले, ‘यूएसबी वायफाय डोंगलचा कसला आलाय इतिहास?’ शंका रास्त आहे. अंगठ्याएवढी ती वस्तू. पण लिनक्सच्या किंवा ओपनबीएसडीच्या मशीनला ती लावून पाहिलेल्यांना ठाऊक आहे की कधी ती क्षणात चालते, आणि कधी रात्र घालवूनही तिचा दिवा लागत नाही. हा फरक आला कुठून? आमचं म्हणणं असं की तो तांत्रिक हुशारीतून कमी आणि परवानगीतून जास्त आला. कोणती फाइल कोणी कोणाला द्यायची, कोणता कागद कोणाला दाखवायचा, यावर डोंगलचं चालणं ठरत आलं आहे. ती गोष्ट आज क्रमाने पाहू.

आधी यंत्रणा. डोंगल खोचला की तो संगणकाला दोन आकडे सांगतो : एक उत्पादकाचा, एक वस्तूचा. लिनक्सवर ‘एलएसयूएसबी’ ही कमांड दिली की हे आकडे दिसतात. उत्पादकाच्या जागी १४८एफ असेल तर चिप रॅलिंकची, ०बीडीए असेल तर रिअलटेकची. कर्नल ही जोडी आपल्या यादीत शोधतो आणि जुळणारा ड्रायव्हर पुढे करतो. ही झाली पहिली पायरी. दुसरी पायरी फर्मवेअरची, म्हणजे चिपच्या आत चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामची. बहुतेक डोंगलमध्ये तो साठवलेला नसतो. वीज गेली की तो पुसला जातो, म्हणून दर वेळी ड्रायव्हरने तो डिस्कवरच्या फाइलमधून चिपमध्ये भरायचा. तिसऱ्या पायरीवर नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड देऊन जोडणी करायची. लोक साधारणपणे तिसऱ्या पायरीवर डोकं आपटतात, पण घोडं पेंड खातं ते पहिल्या दोन पायऱ्यांवर.

यूएसबीचं पहिलं मानक १९९६ चं, आणि वायफायचं, म्हणजे ८०२.११ चं, १९९७ चं. १९९९ मध्ये ८०२.११बी आलं आणि वेग सेकंदाला ११ मेगाबिटवर गेला. त्या वेळच्या यूएसबीचा वेग होता १२ मेगाबिट, म्हणजे जेमतेम पुरेल इतका. २००० साली यूएसबी २.० ने तो ४८० वर नेला आणि डोंगलचा मार्ग मोकळा झाला.

सुरुवातीच्या अनेक वायरलेस कार्डांत फर्मवेअर कार्डावरच्याच फ्लॅश मेमरीत असायचं. ग्राहकाने कार्ड घेतलं म्हणजे ते सोबत आलंच. पुढे खर्च वाचवण्यासाठी ती मेमरी काढून टाकली आणि फर्मवेअर संगणकाने पुरवायचं ठरलं. उत्पादकाच्या दृष्टीने ही साधी काटकसर. पण तिने एक कायदेशीर प्रश्न उभा केला, जो आधी नव्हताच. फर्मवेअर आता वेगळी फाइल झाली. ती विंडोजच्या सीडीवर होती, कारण ती सीडी कंपनीनेच दिलेली. मग लिनक्स किंवा बीएसडी वाटणाऱ्यांनी ती आपल्या संचात घालायची कोणाच्या परवानगीने?

यावर तीन वाटा निघाल्या. पहिली जुगाडाची. २००३ च्या सुमारास आलेला एनडीआयएसरॅपर विंडोजचा ड्रायव्हर जसाच्या तसा लिनक्सच्या कर्नलमध्ये चालवायचा. फ्रीबीएसडीसाठी बिल पॉल यांनी असंच काम केलं आणि त्याला गमतीने नाव मिळालं ‘प्रोजेक्ट ईव्हिल’. असंख्य लोकांची त्या काळी यानेच सोय झाली, हे मान्य करायला हवं. पण आतला कोड कोणाला दिसत नव्हता. चूक निघाली तर दुरुस्त करता येत नव्हती, आणि तो ड्रायव्हर ज्या प्रोसेसरसाठी बनवलेला, त्यावरच चालायचा.

दुसरी वाट उकलण्याची. ब्रॉडकॉमच्या चिपांचं वागणं निरखून त्यांची माहिती लोकांनी स्वतः लिहून काढली, आणि त्यावरून तयार झालेला ड्रायव्हर २००६ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये गेला. कौतुकाचंच काम. तरीही फर्मवेअर वाटण्याची मुभा नव्हती. वापरकर्त्याने विंडोजच्या ड्रायव्हरमधून ते एका खास प्रोग्रामने कापून काढायचं आणि स्वतःच्या डिस्कवर ठेवायचं. ड्रायव्हर तयार होता, ते लिहिणारी माणसंही होती. अडलं होतं ते एका परवानगीवर.

तिसरी वाट सरळ मागण्याची. २००४ च्या अखेरीपासून ओपनबीएसडीच्या थिओ द राट यांनी चिप बनवणाऱ्या कंपन्यांकडे तगादा लावला. मागणी काय होती, ते नीट ऐका, कारण ती अनेकांना वाटते त्याहून खूप लहान होती. फर्मवेअरचा सोर्स कोड त्यांनी मागितला नव्हता. फर्मवेअरची तयार फाइल आम्हाला मोकळेपणाने वाटू द्या, आणि चिपशी बोलायचं कसं याचे कागद द्या, एवढंच. इंटेलसारख्या मोठ्या कंपनीने हवी तशी मोकळी परवानगी दिली नाही. तैवानच्या रॅलिंकने मात्र दिली.

याचं फळ लगेच दिसलं. मे २००५ मध्ये ओपनबीएसडी ३.७ आलं, आणि त्यात दामियँ बेर्गामिनी यांचा ‘यूराल’ हा रॅलिंकच्या यूएसबी डोंगलचा ड्रायव्हर होता. पुढच्या पिढीच्या चिपांसाठी ४.० मध्ये ‘रम’ आला आणि ४.५ मध्ये ‘रन’. रम आणि रनला लागणारी फर्मवेअरची फाइल मूळ संचातच ठेवता आली, कारण तसं करायची मुभा होती. द राट यांना फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा २००४ सालचा पुरस्कार मिळाला, त्यामागे वायरलेस ड्रायव्हरच्या या मोहिमेचाही वाटा होता.

इथे एक मतभेद सांगायला हवा. खुद्द फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला हा तोडगा पुरेसा वाटत नाही. ज्या प्रोग्रामचा सोर्स मिळत नाही तो मुक्त नव्हे, मग तो डोंगलच्या चिपमध्ये का चालेना, अशी त्यांची भूमिका. ओपनबीएसडीचं म्हणणं वेगळं : चिपच्या आत काय चालतं तो हार्डवेअरचा भाग समजू, पण आपल्या कर्नलमध्ये न वाचता येणारा कोड नको. दोन्ही बाजूंना तर्क आहे. कंपन्यांचीही एक अडचण खरी होती. रेडिओची शक्ती आणि वारंवारता यांवर प्रत्येक देशाचे नियम असतात, आणि सगळं उघड केलं तर कोणी ते मोडेल अशी भीती त्यांना वाटायची. पण ज्यांनी उघड केलं त्यांचा अनुभव पाहिला, तर नियम पाळूनही मोकळेपणा ठेवता येतो असंच दिसतं.

ती उदाहरणं लिनक्सच्या बाजूला सापडतात. २००६ मध्ये झायडॅसच्या यूएसबी चिपांचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला. कंपनीने दिलेला कोड होता, पण स्वयंसेवकांनी तो नव्याने लिहिला. २००७ मध्ये ‘मॅक८०२११’ हा सामाईक थर कर्नलमध्ये गेला. तोवर जो तो ड्रायव्हर वायफायचे तेच ते नियम आपल्यापुरते लिहीत होता. आता ते काम एका जागी झालं, आणि डेव्हाइसस्केप या कंपनीने आपला कोड दिला म्हणून झालं. २००८ मध्ये अथेरॉसने, जी तोवर मुख्य भाग बंद ठेवत असे, स्वतः खुला ड्रायव्हर दिला. २०१३ मध्ये तर एआर९२७१ या यूएसबी चिपच्या फर्मवेअरचा सोर्सही बाहेर आला. म्हणजे फाउंडेशनची कठोर मागणी निदान एका डोंगलपुरती पूर्ण झाली.

डेबियनला हा प्रश्न सगळ्यांत जास्त काळ छळत राहिला. मुक्त नसलेलं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम. तत्त्व चोख, पण व्यवहारात कोंडी : वायफाय चालू करायला फर्मवेअर हवं, आणि ते उतरवायला इंटरनेट हवं. ज्याच्या घरी केबल नाही त्याने काय करायचं? अखेर २०२२ मध्ये सभासदांनी मतदान करून नियम बदलला, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ च्या इन्स्टॉलरमध्ये फर्मवेअर सोबतच आलं.

आता पुन्हा आपल्या हातातल्या डोंगलकडे येऊ. रॅलिंकचा डोंगल ओपनबीएसडीला लावला तर ‘रन०’ दिसतं. तिथे इंटरफेसला ड्रायव्हरचंच नाव मिळतं, त्यामुळे काय चाललंय ते एका शब्दात कळतं. पुढे ‘इफकॉन्फिग’ने नाव आणि पासवर्ड द्यायचा, की झालं. लिनक्सवर बऱ्याच ठिकाणी डोंगलला ‘डब्ल्यूएलएक्स’ने सुरू होणारं लांबलचक नाव मिळतं, त्यातले पुढचे अंक डोंगलच्या मॅक पत्त्याचे. काहीच दिसत नसेल तर आधी ‘डीमेसग’ वाचायचं. फर्मवेअर सापडलं नाही, असं तिथे बहुधा स्पष्ट लिहिलेलं असतं. कधी डोंगल स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणवतो, कारण त्याच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. तेव्हा ‘यूएसबी मोडस्विच’ने त्याला खरं रूप घ्यायला लावावं लागतं.

आणि विकत घेताना खोक्यावरच्या नावाला भुलायचं नाही. टीपी-लिंकचं टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे मॉडेल घ्या. पहिल्या आवृत्तीत तीच अथेरॉसची एआर९२७१ चिप होती, दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची आली. खोक्यावर नाव तेच, आतली वस्तू वेगळी, आणि लिनक्सवरचा अनुभवही वेगळा. म्हणून मॉडेलसोबत आवृत्ती पाहायची, चिप शोधायची, आणि तिचा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये आहे का ते आधी तपासायचं. ज्या कंपनीने कागद दिले, परवानगी दिली, तिची चिप असलेला डोंगल घ्यायचा. २००५ मध्ये ज्यांनी पत्रं लिहिली त्यांचं काम पुढे नेण्याचा आपल्यासारख्यांना उपलब्ध असलेला हा सगळ्यांत सोपा मार्ग आहे.