स्वस्तातला हिरा, पण कोणाच्या खिशातून?

एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगबद्दल मी लिहिलं की एक प्रश्न हमखास येतो: "तिकडे आयपीएलसारखा लिलाव का नाही हो?" उत्तरासाठी थोडं मागे जावं लागेल.

कॉलेजातले चांगले खेळाडू पैसेवाले, जिंकणारे संघ उचलून न्यायचे आणि तळातले तळातच राहायचे. म्हणून 1935 मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सच्या बर्ट बेल यांनी सुचवलं की जो संघ शेवटी, त्याची निवड आधी. (त्या वर्षी शेवटी कोण होतं? बेल यांचाच संघ!) 1936 मध्ये पहिला ड्राफ्ट झाला. पहिलं नाव जे बरवँगरचं. पैशांचं जमलं नाही आणि तो एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही.

मेख इथेच आहे. एका संघाने तुमचं नाव घेतलं की दुसऱ्याशी बोलायची सोयच नाही. जेम्स 'याझू' स्मिथला 1968 मध्ये वॉशिंग्टनने निवडलं. पहिल्याच मोसमात मानेला दुखापत झाली आणि कारकीर्द संपली. तो कोर्टात गेला. 1976 मध्ये कोर्टाने सांगितलं की हा ड्राफ्ट मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही. पण 1977 मध्ये खेळाडूंच्या युनियननेच करारात ड्राफ्ट मान्य केला, आणि तो तगला.

1994 पासून प्रत्येक संघाच्या पगारखर्चावर मर्यादा आली, सुरुवातीला 3 कोटी 46 लाख डॉलर. आता कमी पगारात चांगला खेळणारा पोरगा म्हणजे सोनं. तरी पहिल्या क्रमांकाचे नवखे महागच होते. 2010 मध्ये सॅम ब्रॅडफर्डला एकही सामना न खेळता 6 वर्षांचा 7 कोटी 80 लाखांचा करार मिळाला. 2011 मध्ये मालकांनी टाळेबंदी केली, नवा करार झाला आणि नवख्यांचे पगार क्रमांकानुसार बांधले गेले. त्या वर्षीच्या पहिल्या निवडीला, कॅम न्यूटनला, 4 वर्षांचे साधारण 2 कोटी 20 लाख मिळाले. वर अट अशी की तीन मोसम होईपर्यंत पगारवाढीची बोलणी नाहीत.

याचा फायदा सिअ‍ॅटलने कसा उठवला बघा. 2012 मध्ये 75व्या क्रमांकावर घेतलेला रसेल विल्सन 2013 च्या मोसमात जेमतेम सव्वापाच लाख डॉलर मूळ पगारावर संघाचा मुख्य क्वार्टरबॅक होता. संघाची मर्यादा होती 12 कोटी 30 लाख! वाचलेल्या पैशात बचावासाठी मायकल बेनेट, क्लिफ एव्हरिल आले. फेब्रुवारी 2014 मध्ये सुपर बोल 43-8 ने जिंकला. 2015 मध्ये विल्सनला 4 वर्षांचे 8 कोटी 76 लाख मिळाले, आणि स्वस्ताईचे दिवस संपले.

सगळे याला हुशार संघबांधणी म्हणतात. हुशारी आहेच. पण 2011 च्या टेबलावर कोण होतं? मालक, आणि आधीपासून खेळणारे खेळाडू. ज्यांचा पगार कापला ते तेव्हा कॉलेजात होते. त्यांना मत नव्हतं. वाचलेला पैसा जुन्यांना मिळेल म्हणाले. पण मधल्या फळीतल्या अनुभवी माणसाऐवजी स्वस्त पोरगा घेणंच संघांना परवडू लागलं. खेळाडू संघटना सरासरी कारकीर्द साडेतीन वर्षांहूनही कमी सांगते. पहिला करार चार वर्षांचा. म्हणजे कित्येकांना खरा भाव मिळायची वेळच येत नाही.

आपल्याकडेही 2008 मध्ये अंडर-नाईन्टीन खेळाडूंसाठी लिलाव नव्हता, ड्राफ्टच होता. दिल्लीने प्रदीप सांगवानला घेतलं आणि त्यांच्या घरचा विराट कोहली बंगळुरूला गेला. त्याला भाव पुढे मिळाला, कारण शरीराने साथ दिली.

याझू स्मिथला ती दिली नव्हती. समान संधी संघांना मिळावी हे मलाही पटतं. फक्त तिचं बिल दरवेळी सगळ्यात नव्या पोराच्या नावावर का फाडायचं? तुम्हाला काय वाटतं?