अंगठींतून जाणारी शाल

विवाहसंस्काराच्या दिवशीं वधूच्या अंगावर जें वस्त्र असतें, तें पुष्कळदां तिच्या एकटीचें नसतें. आजीनें तें जपिलेलें असतें, आईनें मिरविलेलें असतें, आणि पेटींत घडी घालून ठेवितांना पुढल्या मुलीचें स्मरण केलेलें असतें. पावसाळ्यांतील निवांत दिवसांत वाचन करीत असतां अशाच एका वस्त्राचा इतिहास आमच्या दृष्टीस पडला. ज्युबिलीच्या या अंकांत तो धर्मबंधुभगिनींपुढें ठेवीत आहों.

स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड नांवाचा द्वीपसमूह आहे. त्यांतील अन्स्ट हें ब्रिटनमधील सर्वांत उत्तरेकडील वसतीचें बेट होय. तेथें भर हिवाळ्यांत दिवस जेमतेम सहा तासांचा. पूर्वीं पुरुष मासेमारीस समुद्रावर जात. शेत, गुरें व घर स्त्रिया सांभाळीत. दलदलींतील जळाऊ मातीचीं ढेंकळें पाठीवरच्या टोपलींतून वाहून आणतांनाही त्यांच्या हातांतील सुया थांबत नसत. मेंढीच्या मानेवरील अतिमृदु लोकर कातरीनें न कापतां त्या हातानें उपटून घेत, चरख्यावर तिचें एकपदरी सूत कातीत, आणि त्याची सुमारें सहा फूट लांबरुंद जाळीदार शाल विणीत. शेवटीं ती धुऊन, लांकडी चौकटीवर ताणून वाळवीत. एवढी मोठी शाल, पण लग्नाच्या अंगठींतून सहज ओढून काढतां येई. म्हणून तिला ‘अंगठीची शाल’ असें नांव पडलें. ती वधूच्या मस्तकावर शोभे, बाप्तिस्म्याच्या दिवशीं बाळाभोंवतीं गुंडाळली जाई, आणि मग लेकीसुनांच्या हातीं उतरे.

या विणकामाची कीर्ति दूरवर पसरली. ज्या पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटी पुढें मुंबई बंदरास येत, तिचे एक संस्थापक आर्थर अँडरसन हे मूळचे शेटलंडचेच. त्यांनीं 1837 सालीं व्हिक्टोरिया राणीस तेथील नाजूक विणीचे मोजे नजर केले. 1851 सालच्या लंडनच्या महाप्रदर्शनांतही शेटलंडचें जाळीकाम मांडलें होतें. श्रीमंतांच्या घरीं त्या शालींस मोठा मान मिळूं लागला.

परंतु विणणारीच्या पदरांत काय पडलें? 1872 सालीं सरकारनें नेमिलेले विल्यम गथ्री यांनीं लरविक येथें साक्षी घेतल्या. त्या साक्षी प्रश्नोत्तरांच्या रूपानें छापलेल्या आहेत, आणि त्या सावकाश वाचाव्या अशाच आहेत. व्यापारी शालीचा मोबदला बहुधा रोख देत नसे. कापड अथवा चहा देई, किंवा हिशेबाची चिठ्ठी देई. पीठ व बटाटे त्या दुकानांत मिळत नसत. तेव्हां चहाची पुडी घेऊन ती शेजारणीकडे जाई आणि तिच्या बदल्यांत घरच्यांसाठीं पीठ आणी. कित्येकींचीं नांवें दुकानाच्या वहींत उधारीखालीं अडकून पडत. 1887 सालीं मजुरीविषयींचा कायदा अधिक व्यापक झाला. तरी ती चाल एकदम मोडली नाहीं.

मजुराचें वेतन बुडविणें हें स्वर्गापर्यंत हांक मारणारें पाप आहे, ही पवित्र सभेची शिकवण प्राचीन आहे. तेरावे लिओ या परमगुरूंनीं 1891 सालच्या ‘रेरूम नोव्हारूम’ या परिपत्रकांत तीच नव्या युगापुढें ठामपणें मांडली. शेटलंडच्या त्या स्त्रिया आपल्या पंथाच्या नव्हत्या. परंतु न्याय हा पंथ पाहून द्यावयाचा नसतो.

म्हणून आमच्या भगिनींस एक विनंति. आपल्या पेटींतील वडिलोपार्जित वस्त्र लेकीच्या लग्नाकरितां काढाल, तेव्हां तें कोणीं विणलें, कोणीं शिवलें, आणि त्यांस त्याचें मोल पुरतें मिळालें काय, हेंही मुलांस सांगा. आणि आज जी शिंपीण वा भरतकाम करणारी आपणांसाठीं खपते, तिचे पैसे लग्नाच्या खर्चाच्या यादींत शेवटीं ठेवूं नका. जुन्या करारांत लेवीयाच्या ग्रंथांत सांगितलेलें ज्युबिलीचें वर्ष हें मुळांत ऋणकोच्या सुटकेचें वर्ष होतें. आपल्या धर्मग्रामानेंही तें तसेंच पाळावें. कोणाचें देणें राहिलें असेल तर तें फेडून मगच आपण वेदीपुढें आभाराचें स्तोत्र गाऊं या.