हातगुण

सुईण कशी ठरवायचे, असं जुन्या बायकांना विचारलं की एकच शब्द पुढे येतो : हातगुण. अमकीच्या हाताला यश आहे, तिच्या हातून निम्मं गाव जन्माला आलंय, तिच्याकडे बाळंतीण दगावली नाही. मग रात्री-अपरात्री कंदील घेऊन कुणीतरी तिच्याच दाराशी जायचं.

ऐकायला हा शब्द नशिबाचा वाटतो. मला मात्र तो एक हिशेब वाटतो. जिथे दवाखाना नाही, कुणाकडे प्रमाणपत्र नाही, तिथे बायकांनी पाणवठ्यावर तोंडोतोंडी ठेवलेली ही नोंदवही होती.

पण या नोंदवहीतून नाव निवडायचं कोणी? जिच्या पोटात कळा येत, तिने नक्कीच नाही. ती बहुधा चौदा-पंधरा वर्षांची असे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आई ठरवणार. पुढची सासरी, म्हणजे सासू. शिवाय जात होतीच. अनेक गावांत सुईणपण मांग समाजातल्या बायकांकडे असे, काही ठिकाणी इतर जातींकडे. नाळ कापणं, वार पुरणं, रक्ताचे कपडे उचलणं ही ‘विटाळाची’ कामं त्यांच्या वाट्याला. बाळंतिणीलाच विटाळ असल्यामुळे त्या दिवसांत सुईणीचा स्पर्श चाले. सोयर फिटलं, न्हाणं झालं, की लुगडं, खण, धान्य हातावर पडे आणि तेच हात पुन्हा उंबऱ्याबाहेर. ज्या हातांच्या गुणावर घराचा वंश अवलंबून, त्या हातांना एरवी पाण्याचा हंडा शिवायची मुभा नव्हती.

काही बायकांना तर सुईणीला निरोप धाडायचीही सोय नव्हती. विधवेला दिवस गेले, तर तिला आधी तोंड बंद ठेवणारं माणूस शोधावं लागे. नाहीतर विहीर, किंवा जन्मलेल्या बाळाचा गळा. 1863मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते यासाठी. तिथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला.

हातगुणाच्या हिशेबात एक मोठी गळतीही होती. बाळ रडलं, वार पडली, की सुईणीच्या नावावर यश जमा. पण नवजात बाळाचा धनुर्वात दिसतो काही दिवसांनी. सूतिकाज्वरही लगेच चढत नाही. नाळ कशाने कापली, हात धुतले होते का, हे तोवर कोण आठवतं? बोट दाखवलं जाई दृष्टीकडे, सटवाईकडे. पाचवीच्या रात्री दिवा विझू द्यायचा नाही, या धाकामागची भीती खरी होती. कारण तेवढं चुकीच्या जागी शोधलं जात होतं.

याच काळातली एक मुलगी चौदाव्या वर्षी आई झाली आणि दहा दिवसांत तिचं बाळ गेलं. ती आनंदीबाई जोशी. 1886मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर होताना तिने प्रबंधाला विषय घेतला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. पुढच्या वर्षी, बाविशी गाठण्याआधीच, ती गेली.

मग सगळा दोष घरगुती सुईणीचा आणि सगळं पुण्य रुग्णालयाचं, असं होतं का? व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात 1846 साली प्रसूतीचे दोन विभाग होते. एक डॉक्टर आणि विद्यार्थ्यांचा, दुसरा सुईणींचा. पहिल्यात शंभरातल्या सुमारे अकरा बायका मरत, दुसऱ्यात सुमारे तीन. शहरातल्या बायकांना हे ठाऊक होतं. सुईणींच्या विभागात घ्या म्हणून त्या हातापाया पडत. पुढच्या वर्षी इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने कारण शोधलं : विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतीला येत. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने घटले. डॉक्टरांच्या आधी बायकांना आकडा कळला होता. हातगुण तो हाच.

भारतात सरकारी नजर मात्र सुईणीवरच रोखलेली राहिली. 1885चा डफरिन फंड स्त्री-डॉक्टरांसाठी होता. 1903मध्ये लेडी कर्झनच्या पुढाकाराने दायांना शिकवण्यासाठी व्हिक्टोरिया स्मृती निधी आला. स्वातंत्र्यानंतरही दाई-प्रशिक्षणं झाली. 2005मध्ये जननी सुरक्षा योजनेने रुग्णालयात बाळंत होणाऱ्या बाईला पैसे द्यायला सुरुवात केली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात 1992-93मध्ये दवाखान्यातली बाळंतपणं 26 टक्के होती, 2019-21मध्ये 89 टक्के. यात असंख्य जीव वाचले, हे आधी म्हटलं पाहिजे. सुईण मात्र नकाशातून पुसली गेली.

पण डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीत दुसरी वाट दाखवली. गावातल्याच बायकांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, सोबत दायांनाही घेतलं. प्रयोगाच्या गावांमध्ये नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं. ओळखीचा हात आणि शिकलेला हात एकच असू शकतो, हे त्यातून सिद्ध झालं. 2018मध्ये केंद्र सरकारने नर्सना दीड वर्षाचं मिडवाइफरीचं प्रशिक्षण द्यायचं ठरवलं, तेही याच दिशेचं पाऊल.

परवा एका मैत्रिणीने मला विचारलं, घरी बाळंत व्हायचं म्हणतेय, मिडवाइफ कशी निवडू? इन्स्टाग्रामवर तिने मेणबत्त्यांच्या उजेडातले सुंदर व्हिडिओ पाहिले होते. मी तिला म्हटलं, आधी तुझ्या डॉक्टरकडून समजून घे की घरी होणं तुझ्यासाठी सुरक्षित आहे का. जुळी असतील, बाळ पायाळू असेल, बीपी वाढलेलं असेल, आधी सिझेरियन झालेलं असेल, तर हा विषय बंद. मग मिडवाइफला विचार : नर्सिंगची नोंदणी आहे का? रक्तस्राव थांबला नाही तर तुझ्या पिशवीत कोणतं औषध आहे? बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात काय करशील? ऑपरेशनची सोय असलेलं हॉस्पिटल किती मिनिटांवर आहे, आणि तिथे आधी बोलून ठेवलंय का?

आणि शेवटी हेही विचार, की आजवर किती बायकांना तू घरून दवाखान्यात हलवलंस. ‘एकीलाही नाही’ असं ती अभिमानाने म्हणाली, तर दुसरी शोध.